बेळगावहून लालबाग: एका सकाळच्या भेटीचा सविस्तर आराखडा

"लालबागेला जाऊन आलो" असे बेळगावात कुणाला सांगितले, की ऐकणाऱ्याला आधी मुंबईचा गणपती आठवतो आणि तो रांग किती होती ते विचारतो. हा लेख त्या लालबागेविषयी नसून बेंगळूरच्या मधोमध २४० एकरांवर पसरलेल्या लालबाग वनस्पती उद्यानाविषयी आहे. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या भागांतील आपली माणसे बेंगळूरला जातात ती बहुधा कामासाठी: एखादे सरकारी काम, इस्पितळातील तपासणी, मुलाचा प्रवेश किंवा तिकडे नोकरीला असलेल्या लेकीच्या घरी चार दिवस. त्या कामातून तीन-चार तासांची एक सकाळ बाजूला काढली, तर ही बाग नीट पाहता येते. मात्र त्यासाठी दोन गोष्टी आधी ठरवाव्या लागतात: कोणत्या दरवाजाने आत शिरायचे आणि आत गेल्यावर प्रथम कोठे वळायचे. या दोन्ही बाबतींत बहुतेक पाहुणे चुकतात, आणि फुलांचे घड्याळ व काचघर एवढेच पाहून, दमून, परत फिरतात. पहिल्या भेटीत मीही तेच केले होते.

कोणत्या दिवसांत जावे

बेळगाव आणि बेंगळूर ही दोन्ही गावे थंड हवेची म्हणून ओळखली जातात, पण दोन्हींकडचा पाऊस अगदी वेगळा आहे. आपल्याकडे सह्याद्री जवळ असल्यामुळे जुलैत पाऊस दिवसचे दिवस उघडत नाही. बेंगळूरला त्याच महिन्यात आभाळ भरलेले असते, एखादी भुरभुर होते आणि फिरायला हवा उत्तम असते. तिकडचा खरा जोरदार पाऊस सप्टेंबर-ऑक्टोबरात आणि त्याआधी एप्रिल-मे महिन्यांतील वळवात पडतो, आणि तो बहुतेक वेळा दुपारनंतर किंवा संध्याकाळी येतो. म्हणून वर्षातल्या कोणत्याही महिन्यात गेलात तरी सकाळ निवडावी. संध्याकाळचा बेत आखला तर पावसाळी महिन्यांत तो हमखास भिजतो.

फुलोऱ्यासाठी जायचे असेल, तर जानेवारी ते मे हा काळ चांगला. गुलाबी आणि पिवळी ताबेबुया, त्यांच्यामागोमाग जांभळा जॅकरांडा आणि शेवटी गुलमोहर, अशी फुलांची पाळी शहरभर लागलेली असते. ही पाळी आपोआप लागलेली नाही. १९०८ ते १९३२ या काळात लालबागेचा कारभार पाहणारे जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बीगल यांनी रस्त्याकडेच्या झाडांची निवडच अशी केली होती, की एकाचा बहर सरताना दुसऱ्याचा सुरू व्हावा. हे क्रुम्बीगल म्हैसूर संस्थानात येण्याआधी बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या नोकरीत होते. बागेच्या पश्चिम अंगाला त्यांच्या नावाचा रस्ता आहे.

वर्षातून दोनदा, प्रजासत्ताक दिन आणि स्वातंत्र्य दिन यांच्या सुमारास, काचघरात फुलांचे प्रदर्शन भरते आणि त्या दिवसांत लाखो माणसे येतात. प्रदर्शन पाहण्याजोगे असते, यात वाद नाही. परंतु ज्याला बाग पाहायची आहे, त्याने ते दिवस टाळावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवेशदर वाढलेले असतात, वाटा दोऱ्या बांधून एकेरी केलेल्या असतात, आणि झाडाखाली थांबून वर पाहायला गेलात तर मागून येणारी गर्दी तुम्हाला पुढे ढकलते. जायचेच असेल तर सुट्टीचा दिवस सोडून, दरवाजे उघडताच पोहोचावे. मे-जूनच्या सुमारास बागेत आंब्यांचा मेळा भरतो, तो मात्र चुकवू नये. हापूसला तिकडे बादामी म्हणतात, त्यामुळे पाटीवर हापूस शोधत बसू नये; रसपुरी, मल्लिका आणि सेंदुरा हे आपल्या बाजारात क्वचित दिसणारे आंबेही तेथे मिळतात.

बेळगावहून पोहोचणे

सकाळ साधायची असल्यामुळे रात्रीचा प्रवास करणे सर्वांत सोयीचे. बेळगावहून बेंगळूरला रात्रीची थेट अतिजलद गाडी आहे, आणि मिरजेकडून येणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेसही रात्रीच धावते. रायबाग, घटप्रभा या बाजूच्या लोकांना बेळगावपर्यंत न येता तीच पकडता येते. निपाणीला रेल्वे नाही, तेथील लोकांनी महामार्गावरून जाणारी रात्रीची बस धरलेली बरी. १० ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झालेली वंदे भारत बेळगावहून पहाटे निघून दुपारी बेंगळूरला पोहोचते, त्यामुळे जाताना ती या बेताच्या उपयोगाची नाही. परतताना मात्र तिच्यासारखी सोय नाही, कारण ती दुपारी बेंगळूरहून सुटते आणि त्याच रात्री बेळगावला येते. आठवड्यातून एक दिवस ती धावत नाही, तेव्हा तिकीट काढताना वार पाहून घ्यावा.

स्वतःच्या गाडीने जाणाऱ्यांसाठी सुमारे ५०० किलोमीटरचा रस्ता धारवाड, हुबळी, हावेरी, दावणगेरे, चित्रदुर्ग आणि तुमकूर असा सरळ आहे. चित्रदुर्ग आणि तुमकूर यांच्यामध्ये महामार्गावर शिरा नावाचे गाव लागते. एके काळी ते मुघलांच्या सुभ्याचे ठाणे होते आणि तेथे मुघल पद्धतीची बाग होती. तीच बाग पाहून हैदर अलीने १७६० साली बेंगळुरात लालबागेची आखणी सुरू केली, असे इतिहासात नोंदलेले आहे. म्हणजे गाडीने जाणारा माणूस लालबागेच्या मूळ नमुन्याच्या गावावरूनच पुढे जातो.

रेल्वेने जाणाऱ्याला असाच एक संदर्भ उतरल्याबरोबर भेटतो. बेंगळूरच्या मुख्य स्थानकाला क्रांतिवीर संगोळ्ळी रायण्णा यांचे नाव दिलेले आहे. संगोळ्ळी आपल्याच जिल्ह्यातील, बैलहोंगल बाजूचे गाव, आणि रायण्णांना १८३१ साली फाशी दिली गेली ती खानापूर तालुक्यातील नंदगडला. स्थानकावर क्लोकरूम आहे. कुलूप लावलेली बॅग तेथे ठेवून मोकळ्या हातांनी निघावे, कारण बागेत सामान ओढत फिरण्यात काही अर्थ नाही.

स्थानकाला लागूनच मॅजेस्टिक हे मेट्रोचे मोठे स्थानक आहे. तेथे जांभळा आणि हिरवा असे दोन मार्ग एकमेकांना छेदतात. आपल्याला हिरव्या मार्गावरील, दक्षिणेकडे सिल्क इन्स्टिट्यूटच्या दिशेने जाणारी गाडी हवी. चिकपेट, कृष्णराजेंद्र मार्केट, नॅशनल कॉलेज आणि मग लालबाग. मॅजेस्टिकनंतरचे चौथे स्थानक. रविवारी मेट्रो इतर दिवसांपेक्षा उशिरा, सकाळी सातच्या सुमारास सुरू होते, हे न कळल्यामुळे अनेकजण बंद दरवाजासमोर ताटकळतात.

दरवाजा आणि तिकीट

बागेला चार दिशांना चार दरवाजे आहेत. मेट्रोने आलेल्यांना पश्चिम दरवाजा अगदी जवळ पडतो. उत्तरेचा दरवाजा हा मुख्य; फुलांचे घड्याळ त्या बाजूला आहे. पूर्वेकडच्या, डबल रोडच्या बाजूच्या दरवाजाशी गाड्या लावायला जागा आहे, म्हणून स्वतःच्या वाहनाने येणाऱ्यांनी तो धरावा. दक्षिणेचा दरवाजा लहान असून त्याचा उपयोग मुख्यतः आसपास राहणाऱ्यांना होतो. रिक्षाने जात असाल तर नुसते "लालबाग" म्हणू नये. दरवाजाचे नाव घेऊन सांगावे. एकदा मी आईला घेऊन रिक्षाने गेलो असता आम्हाला भलत्याच दरवाजाशी उतरवण्यात आले, आणि ज्या नातेवाइकांना भेटायचे होते ते बागेच्या दुसऱ्या टोकाला उभे होते. २४० एकरांत एक टोक ते दुसरे टोक म्हणजे गुडघे दुखणाऱ्या माणसाला अर्ध्या तासाची शिक्षाच असते.

भाषेविषयी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. आपल्यापैकी ज्यांना कन्नड येते, त्यांचे कन्नड हुबळी-धारवाडकडच्या वळणाचे असते. बेंगळुरात ते बोलले की समोरचा किंचित हसतो, पण उत्तर आपुलकीने देतो. "वेस्ट गेट हत्र निल्लिसि" एवढे म्हटले तरी रिक्षा योग्य जागी थांबते.

बाग सकाळी सहाला उघडते आणि संध्याकाळी सातला बंद होते. पहाटेच्या वेळी ती शहरातल्या फिरणाऱ्यांची असते. त्यानंतर तिकीटखिडकी सुरू होते. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून दरवाजावरील फलक वाचून तिकीट काढावे आणि ते शेवटपर्यंत जपून ठेवावे. मोठा कॅमेरा असेल तर त्याविषयी खिडकीवरच विचारावे. लग्नाआधीची छायाचित्रे किंवा व्यावसायिक चित्रण परवानगीशिवाय करता येत नाही. एकदाच वापरायच्या प्लास्टिकला बागेत मनाई आहे. घरून आणलेला दडप्या पोह्यांचा डबा बागेत उघडण्याचा मोह अनेकांना होतो, पण डबा मेट्रोत बसण्याआधीच संपवावा आणि आत फक्त पाण्याची स्टीलची बाटली न्यावी.

आधी खडक

आत शिरल्यावर लोकांचे पाय आपोआप काचघराकडे वळतात. तसे न करता बाग ओलांडून पूर्वेकडच्या खडकावर आधी जावे. याला कारण अगदी साधे आहे: तो खडक उघडा आहे, त्यावर सावली नाही, आणि दहानंतर तो तापू लागतो. सकाळी सात-साडेसातला मात्र त्यावर गार वारा असतो आणि शहर अजून धुरकट झालेले नसते.

हा खडक म्हणजे एखादी टेकडी नसून जमिनीतून वर आलेली एकसंध, गुळगुळीत पाठ आहे. त्याचे वय सुमारे ३०० कोटी वर्षे मानले जाते. भूशास्त्रात याला द्वीपकल्पीय नाइस म्हणतात. नाइस म्हणजे मराठीत पट्टिताश्म. हे नाव १९१६ साली म्हैसूर संस्थानाच्या भूशास्त्र खात्यातील स्मीथ यांनी दिले, आणि पुढे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या जागेला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून घोषित केले. तसा फलक तेथे आहे. खडकावर वाकून पाहिले तर फिकट आणि गडद पट्टे एकमेकांना चिकटून, कोठे कोठे मुरड घालून गेलेले दिसतात. प्रचंड दाब आणि उष्णता यांनी मूळ खडक पुन्हा घडवला गेला, त्याची ती खूण आहे. निपाणी-चिकोडीकडची काळी जमीन ज्या लाव्हाच्या थरांपासून झाली, ते थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्याला आपले काळे दगड फार जुने वाटतात. या खडकापुढे ते कालचे ठरतात. मुलांना ही तुलना खडकावर बसवूनच सांगावी, घरी सांगितली तर ती नुसती संख्या राहते.

खडकाच्या माथ्यावर केम्पेगौडांच्या नावाने ओळखला जाणारा छोटा मनोरा आहे. केम्पेगौडांनी १५३७ साली बेंगळूरची पेठ वसवली, आणि त्यांच्या घराण्याने शहराच्या चार दिशांना असे चार मनोरे उभारले, असे मानले जाते. आज या मनोऱ्याच्या चारी बाजूंना मैलोगणती इमारती पसरलेल्या दिसतात. शहराची वेस म्हणून जी खूण उभी केली, ती आता शहराच्या पोटात आहे. मराठी वाचकाला येथे आणखी एक आठवण होणे स्वाभाविक आहे. १६३८ साली विजापूरकरांच्या फौजेने बेंगळूर जिंकल्यावर ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले आणि बालपणी शिवाजीराजांचाही काही काळ या शहरात मुक्काम झाला. लालबाग तेव्हा नव्हती, ती त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली. हा खडक मात्र होताच.

उतरताना चप्पल घसरते. पावसाची सर पडून गेली असेल तर उतार टाळावा, किंवा निदान म्हाताऱ्या माणसांना खालीच बसवावे.

काचघर

खडकावरून काचघराकडे चालत यावे. हैदर अलीने सुरू केलेली बाग सुमारे ४० एकरांची होती, आणि त्याच्या नंतर टिपू सुलतानाने देशोदेशींची रोपे आणून ती वाढवली. १७९९ साली टिपू पडल्यावर बाग इंग्रजांच्या हाती गेली, आणि १८५६ साली तिला सरकारी वनस्पती उद्यानाचा दर्जा मिळाला. त्यानंतर लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानात तयार झालेली माणसे येथे नेमली जाऊ लागली. त्यांतील जॉन कॅमरन हे १८७४ पासून तीन दशकांहून अधिक काळ बागेवर होते, आणि काचघर उभे राहिले ते त्यांच्याच कारकिर्दीत. ३० नोव्हेंबर १८८९ रोजी इंग्लंडचा राजपुत्र अल्बर्ट व्हिक्टर याच्या हस्ते त्याची कोनशिला बसवण्यात आली. लोखंडी सांगाडा स्कॉटलंडमधील ग्लासगोच्या ओतशाळेतून आला, आणि नमुना म्हणून लंडनचा क्रिस्टल पॅलेस समोर होता.

प्रदर्शन नसताना काचघर रिकामे असते, आणि खरे सांगायचे तर तेव्हाच ते पाहावे. फुलांच्या रचनांनी भरलेले असताना लोखंडाकडे कुणाचे लक्ष जात नाही. रिकाम्या काचघराच्या बाहेर उभे राहून बारीक खांब, त्यांवरच्या कमानी आणि छताच्या पायऱ्या-पायऱ्यांनी चढत जाणाऱ्या कडा पाहिल्या, तर एवढी मोठी इमारत इतकी हलकी कशी दिसते याचे कोडे थोडे उलगडते. दहा-पंधरा मिनिटे पुरतात.

कॅमरनविषयी स्वयंपाकघराशी संबंधित एक गोष्ट सांगायला हवी. आपल्या बाजारात चौ-चौ नावाने जी फिकट हिरवी, सुरकुतलेली फळभाजी मिळते, ती या भागात रुजवण्याचे श्रेय त्यांना दिले जाते. कन्नडमध्ये तिला "सीमे बदनेकायी" म्हणतात, म्हणजे परदेशी वांगे. तेव्हाची वनस्पती उद्याने आजच्यासारखी केवळ फिरायची ठिकाणे नव्हती. कोणते पीक, कोणते फळ, कोणते लाकूड या मातीत तग धरेल, हे पाहण्याच्या त्या प्रयोगशाळा होत्या. हे ध्यानात घेतले, की इतक्या दूरदूरच्या देशांची झाडे एका जागी का आहेत, ते वेगळे सांगावे लागत नाही.

झाडे वाचत चालणे

येथून पुढचा किमान दीड तास झाडांसाठी राखून ठेवावा, कारण लालबागेचे खरे वैभव तेच आहे. घाईत असलेल्याने खडक गाळला तरी चालेल, काचघर लांबून पाहिले तरी चालेल, पण झाडे गाळू नयेत.

मोठ्या झाडांवर नावांच्या पाट्या असतात. त्यांवर रोमन लिपीत शास्त्रीय नाव आणि सहसा कन्नड नाव असते. मराठी अर्थातच नसते. आपल्या भागातील माणसाला यामुळे अडायचे कारण नाही, उलट खानापूरच्या रानात वाढलेल्याला येथे शहरातल्या माणसापेक्षा अधिक कळते. माझी एक मावशी, जिला कन्नड वाचता येत नाही, तिने साली पाहून आणि पान चुरगळून वास घेऊन भराभर झाडे ओळखली, आणि मी पाटी वाचून तिचे म्हणणे पडताळत राहिलो. पान जमिनीवर पडलेलेच उचलावे. झाडावरून पान किंवा फूल तोडणे नियमाविरुद्ध आहे.

काही कन्नड नावे आधीच पाठ करून जावीत. मावु म्हणजे आंबा, हलसु म्हणजे फणस, नेरळे म्हणजे जांभूळ, हुणसे म्हणजे चिंच. आल म्हणजे वड, अरळी म्हणजे पिंपळ, अत्ती म्हणजे उंबर, आणि या तिघांत बेळगावकरही नेहमी गोंधळ करतात, कारण अरळी आणि आल ही नावे कानाला सारखी लागतात. बेवु म्हणजे कडुलिंब, होंगे म्हणजे करंज, मत्ती म्हणजे ऐन, तेग म्हणजे साग. संपिगे म्हणजे सोनचाफा, रंज म्हणजे बकुळ. बूरुग म्हणजे सावर.

कन्नड वाचता येत नसेल, तर शास्त्रीय नावाचा दुसरा शब्द पाहण्याची सवय लावावी. पहिला शब्द वंश सांगतो आणि दुसरा जाती. या दुसऱ्या शब्दात पुष्कळदा झाडाचे गाव दडलेले असते. मँजिफेरा इंडिका हा आपला आंबा, त्यातील इंडिका म्हणजे भारतातले. कैलासपतीच्या पाटीवर कौरोपिटा गायनेन्सिस असते. तो दक्षिण अमेरिकेतील गयानाकडचा. या झाडाला कन्नडमध्ये नागलिंग म्हणतात, आणि फुलाच्या आतील रचना पाहिली की नाव का पडले ते दिसते. जे झाड आपण देवळाच्या आवारात पाहून अस्सल इथले समजतो, ते समुद्रापलीकडून आलेले निघते. मात्र ही युक्ती सर्वत्र चालत नाही. गुलमोहराच्या डेलोनिक्स रेजियामधील रेजिया म्हणजे शाही. मूळ गाव मादागास्कर, त्याचा नावात मागमूस नाही.

पांढऱ्या सावरीचा एक महाकाय वृक्ष बागेत आहे आणि तो पाहिल्याशिवाय परत येऊ नये. सापडत नसेल तर माळ्याला "दोड्ड बूरुग मर एल्ली?" असे विचारावे. शास्त्रीय नाव सेइबा पेंटँड्रा. त्याच्या बुंध्यापासून जमिनीकडे भिंतींसारखी आधारमुळे पसरलेली आहेत, आणि दोन मुळांच्या मधल्या खोबणीत माणूस उभा राहिला तर दिसेनासा होतो. आपल्या रानातली लाल फुलांची काटेसावर आणि ही, दोघींच्या शेंगांत कापूस असतो, पण अंगाखांद्यात कितीतरी फरक. मुळांवर चढू नये. वर्षानुवर्षे लोक चढल्याने सालीचे फार नुकसान होते.

म्यानमारहून आलेली अम्हर्स्टिया फुललेली सापडली तर नशीब समजावे. तिचे तांबडे, लोंबते झुंबर एकदा पाहिले की विसरत नाही. सरळ स्तंभासारखी वाढलेली अराउकारिया लांबूनही ओळखू येते. तिला लोक ख्रिसमसचे झाड म्हणतात. पाहुण्यांनी रोपे लावायची प्रथाही येथे जुनी आहे आणि १९६१ च्या भारतभेटीत दुसऱ्या एलिझाबेथ राणीनेही येथे रोप लावले. अशा झाडांपाशी नावांच्या पाट्या आहेत, त्या जाता जाता वाचाव्यात, त्यांच्यासाठी वाट वाकडी करू नये. वाट वाकडी करायची ती अश्मीभूत खोडासाठी. तमिळनाडूतील तिरुवक्करै येथून आणलेले हे खोड सुमारे २ कोटी वर्षांपूर्वीचे असून आता ते पूर्ण दगड झालेले आहे, तरीही लाकडाचे तंतू डोळ्यांना दिसतात. ३०० कोटी वर्षांचा खडक आणि हे दगडी लाकूड, दोन्ही एकाच सकाळी, पायी पाहायला मिळणारी जागा मला दुसरी ठाऊक नाही.

एक सावधगिरी: उंच झाडांच्या फांद्यांना आग्या मोहोळे लटकलेली असतात. त्यांच्या खाली थांबू नये, दगड मारणाऱ्या पोरांना लगेच आवरावे.

तळे, घड्याळ आणि बाकीचे

दक्षिणेकडे तळे आहे. पाणकावळे पंख पसरून बसलेले आणि बगळे काठाने फिरताना दिसतात. बेळगावच्या किल्ला तलावाच्या काठी ज्यांची सकाळ जाते, त्यांना ओळखीचे वाटेल. थकलेल्यांनी येथेच बसावे. फुलांचे घड्याळ उत्तरेकडे आहे, मुलांना आवडते, छायाचित्र काढून पाच मिनिटांत पुढे निघावे. बोन्सायचा विभाग ज्याला त्यात रस आहे त्यानेच पाहावा.

वडीलधाऱ्यांना सोबत नेत असाल, तर बॅटरीवर चालणारी गाडी त्या दिवशी उपलब्ध आहे का, हे दरवाजाशीच विचारावे. ती नसेल तर सर्वांनी मिळून सगळी बाग पाहण्याचा हट्ट धरू नये. वडीलधाऱ्यांनी तळे आणि काचघर यांमधला भाग पाहावा, तरुणांनी खडकावर जाऊन यावे, आणि भेटायची जागा काचघराची ठरवावी. "मोठ्या झाडाखाली भेटू" असे लालबागेत म्हणू नये.

बाहेर पडल्यावर

साडेदहा-अकरापर्यंत ऊन चढते आणि भूक लागते. बागेत हॉपकॉम्सचे दुकान आहे; फळ उत्पादकांच्या या सहकारी संस्थेची स्थापना १९५९ साली झाली. तेथे फळे आणि रस वाजवी दरात मिळतात. जेवणाखाण्यासाठी मुख्य, म्हणजे उत्तरेच्या दरवाजाने बाहेर पडून लालबाग रस्त्यावर चालत गेले की मावळ्ळी टिफिन रूम लागते, जिला सगळे एमटीआर म्हणतात. १९२४ पासून चालत आलेले हे उपाहारगृह रवा इडलीसाठी प्रसिद्ध आहे; दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई पडली तेव्हा ती येथे रव्याची करून पाहिली गेली, असे सांगतात. शनिवार-रविवारी नाव नोंदवून बराच वेळ थांबावे लागते आणि सोमवारी ते बंद असते. त्यामुळे सोमवारी गेलात तर न्याहारी बागेत शिरण्यापूर्वीच कोठेतरी आटोपावी.

दुपारच्या वंदे भारतने परतणार असाल, तर एमटीआरमध्ये बारा वाजेपर्यंत ताट समोर आले नाही तर उठावे. पश्चिम दरवाजाकडे पुन्हा बाग ओलांडत येण्याऐवजी बाहेरून रिक्षा करून नॅशनल कॉलेज किंवा लालबाग मेट्रो गाठावी, मॅजेस्टिकला उतरावे, क्लोकरूममधून बॅग घ्यावी. पावती पाकिटात आहे ना, हे रिक्षात बसण्याआधी पाहून घ्यावे.